मधल्या खडकावरची जागा

मित्रांनो, मी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे, तीन फूट लांबीची. रुक्मिणीबाई गेल्याचा फोन आला, त्या सकाळी मला या घरात येऊन चोवीस दिवस झाले होते. त्यांचे यजमान काशीराम माझी काच पुसत होते. काचेवर आणि वाळूवर तपकिरी धूळ धरली होती. आदल्याच दिवशी गोव्याच्या हॉस्पिटलातून बाईंनी फोनवर बजावले होते, "ओ, ऐकलात? टाकी पुसून ठेवा. मी येयसर ती माका चकचकीत होयी."

फोनवर काशीराम "हां, हां" एवढेच म्हणाले. मग फोन ठेवून त्यांनी उरलेली अर्धी काच पुसली आणि फडका हातात घेऊन तसेच उभे राहिले.

बांद्याला हमरस्त्याच्या कडेला सुशांतचे माशांच्या टाक्यांचे दुकान आहे. तिथे मला जोडले. रुक्मिणीबाईंनी चाळीस वर्षे मालवणच्या बाजारात मासे विकले होते. काशीराम आपल्या होडीतून पर्यटकांना पाण्याखालची कोरल दाखवायला नेत. बाईंना मात्र होडीत पाय ठेवला की चक्कर येई. "मेललो मासो रोज बघतंय," त्या म्हणायच्या, "जितो कधी बघूक गावाक नाय." म्हणून मी आले.

पहिल्या दिवशी सुशांत मीठ मोजून गाळलेल्या पाण्यात घालू लागला, तेव्हा बाई हसत सुटल्या. "दारात समुद्र आसा आणि ह्यो मेलो मीठ इकत हाडता!"

"काकी, किनाऱ्याच्या पाण्यातून घाण येता, शेवाळ येता," तो म्हणाला. नव्या टाकीत शेवाळ येतेच, हेही त्याने सांगितले. आधी तपकिरी धूळ येईल, तिला घाबरू नका, ती आपोआप जाईल. टाकी स्थिरावली, शेवाळ आटोक्यात आले, की पैदास केलेल्या कोरलचा एक तुकडा बसवू. बाईंनी लगेच माझ्या मधल्या खडकाचा माथा बोटाने दाखवला. "हयसर." त्यांची काचेची बांगडी माझ्या काचेवर टिचकन वाजली. तो आवाज मला अजून आठवतो.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. मी ते पाहिले नाही, परतलेल्या माणसांच्या बोलण्यातून ऐकले. लेकीचे नाव घेतले, होडीचे घेतले, कावळा काही जवळ येईना. शेवटी बाईंची बहीण शेवंती म्हणाली, "टाकयेचा काय ता सांग रे तिका." काशीरामांनी हात जोडले. "वर्साच्या आत तुझा कोरल बसवतलंय गो." कावळ्याने लगेच चोच मारली.

पाहुणे गेले. लेक पुण्याला गेली. घरात आम्ही दोघेच उरलो. आणि सुशांतने माझ्यात सोडलेले केशरी पट्ट्यांचे दोन मासे.

काशीराम स्वतः रांधू लागले. जेवायला बसण्याआधी बाईंच्या नावाचा पहिला घास ते माझ्यात टाकत. थोडा भात, बांगड्याचा एक तुकडा. मासे खात तेवढे खात, बाकीचे खडकाच्या फटींत कुजत राही. सकाळी ते माझ्याजवळची समुद्राकडची खिडकी उघडत, कारण बाई उघडत असत. दिवसभर माझ्यावर ऊन पडे.

तपकिरी धूळ सुशांत म्हणाला तशी गेली. मग खडकांवर हिरवे केस उगवले, बोटभर लांब. काशीराम खूश झाले. समुद्रात ज्या खडकाला शेवाळ, त्या खडकाला मासा, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. "जीव धरल्यान टाकयेन," ते मला म्हणाले. मला बोलता येत असते तर मी नाही म्हटले असते.

पावसाळा सरता सरता वाळूवर तांबडी साय पसरली. तिच्यावर बुडबुडे होते, तिला वास होता. एक दिवस धाकटा मासा पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंड उघडमिट करू लागला. काशीरामांनी फोनवरून सुशांतला व्हिडिओ पाठवला. संध्याकाळी तो स्वतः आला.

"काकानू, हे केस वेगळे आणि ही साय वेगळी. पण दोघांका पोसता कोण? तुम्हीच. काय घालतास ह्यात?"

काशीराम म्हणाले, "तिचो घास."

सुशांतने मान खाली घातली. "बंद करूक लागतलो."

"तिका उपाशी ठेवू?"

"उपाशी कित्याक? गडग्यार ठेवा, कावळ्याक. माशांका दिसाआड चिमूटभर, बस."

दुसऱ्या दिवशी घास अंगणाच्या दगडी कुंपणावर, गडग्यावर गेला. खिडकी बंद झाली. दिवा सातच तास लागू लागला. काशीराम जुन्या टूथब्रशला हिरवे केस गुंडाळून उपटत, तांबडी साय नळीने ओढून घेत. दर रविवारी माझे थोडे पाणी काढून ताजे, मीठ घातलेले पाणी भरत. सुशांतने शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या. एकदा उतावीळ होऊन काशीरामांनी सुशांतकडे औषध मागितले. तो म्हणाला, "औषधान साय जायत, पण कारण रवात."

धाकटा मासा वाचला नाही. काशीरामांनी त्याला माडाच्या मुळाशी पुरले. थोरला आता एकटाच फिरतो. काशीराम जेवायला बसतात ते माझ्याकडे तोंड करून.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी टाकी असेल तर एवढे ध्यानात ठेवा. शेवाळ आधी ओळखा, मग त्याचे कारण शोधा. आणि माया असली तरी चिमूटभरच घाला. जास्त घातलेले पोटात जात नाही, ते कुजते.

परवा बाईंचे वर्षश्राद्ध झाले. हिरवे केस गेले आहेत. मागच्या खडकाखाली तांबडी साय हाताच्या तळव्याएवढी उरली आहे. सुशांत म्हणाला, "आता बसवलास तर कोरल मरात. अजून महिनोभर थांबा." काशीरामांनी गडग्यावर पान ठेवले आणि कावळ्याला खरे तेच सांगितले, "अजून तुझा कोरल बसवूक जावक नाय गो. मी करतंय."

गडग्यावरून कावळ्याची कावकाव ऐकू आली. तो जेवला की नाही, ते खिडकी बंद असल्याने मला दिसले नाही.

मधल्या खडकाचा माथा स्वच्छ आहे. तिथे कोरल अजून बसवायचे आहे.