शर्टाची मागची घडी

खासगीपणा नावाची वस्तू त्या बरॅकीत कोणी कधी पाहिली नव्हती. आठ-आठ जण एका रांगेत आंघोळ करत, संडासांना दारं होती पण कड्या नव्हत्या, आणि कोणाला कुठे खाज सुटली आहे हे अख्ख्या कंपनीला ठाऊक असे. मग सप्टेंबरात वॉशिंग्टनने समलिंगी सैनिकांना गप्प राहायला लावणारा कायदा रद्द केला. टॉलिव्हरने नाश्त्याला सॉसेज कापता कापता, आपल्याला पुरुष आवडतात, असं सांगून टाकलं आणि दुपारपर्यंत झाडून साऱ्यांना खासगीपणाची निकड भासू लागली.

खोली बदलण्याचा पहिला अर्ज लिंडक्विस्टचा. दोन वर्षं तो आणि टॉलिव्हर एकाच खोलीत राहिले होते. कॅप्टनने सर्वांच्या सोयीसाठी टॉलिव्हरला कोपऱ्यातली स्वतंत्र खोली दिली. लोक त्या खोलीचा हेवा करत, मात्र आत पाऊल टाकत नसत. एकटा प्रुइट यायचा. गणवेशाची तपासणी असली की दारातूनच ओरडायचा, "वळा राजेसाहेब!" मग शर्टाचं जादा कापड दोन्ही कुशींकडून मागे ओढून तो घट्ट घडी धरायचा आणि टॉलिव्हर पँटचं बटण लावायचा. हे काम एकट्याच्याने होत नाही. हात दोनच असतात.

सोमवारी सरावात ट्रक उलटला आणि त्याखाली प्रुइट गेला.

"शवपेटीला सहा खांदे लागतात," अंत्यविधीच्या सकाळी सार्जंट ओचोआने सांगितलं. "तुम्ही आठ जण दहा वाजता तयार राहा. ज्याचा शर्ट फुगलेला दिसेल, तो घरी. प्रुइटची आई बघत असेल."

टॉलिव्हरला त्या सहांत असायचं होतं. बाकी त्याला काही नको होतं.

साडेनऊपर्यंत त्याने चार वेळा प्रयत्न केला. एक बाजू बसली की दुसरी वर यायची. शेवटी पँट मुठीत धरून तो खोल्यांमधल्या बोळात आला. जोडीजोडीने तयार होऊन बाकीचे खाली गेले होते. एकच दार उरलं होतं, त्याच्या जुन्या खोलीचं. त्याने ठोठावलं.

लिंडक्विस्टने दार उघडलं. त्याचीही पँट मुठीतच होती.

"जॅक्सन कुठाय?" टॉलिव्हरने विचारलं. जॅक्सन म्हणजे त्याच्या जागी आलेला खोलीसोबती.

"रजेवर." लिंडक्विस्ट बुटांकडे बघत होता. "तुझंही होत नाहीये वाटतं?"

"प्रुइट करायचा."

दोघांनी आपापली पँट आणखी वर ओढली. सैन्यात याहून खोळंबलेली माणसं क्वचितच दिसतात.

"आधी कोण वळतो?" टॉलिव्हर म्हणाला.

त्याच्याकडे पाठ करावी लागू नये म्हणून लिंडक्विस्टने दोन पानी अर्ज लिहिला होता. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वळला. टॉलिव्हरने कापड ओढलं, घडी घातली, दाबली.

"अजून घट्ट. ओढ की लेका, मी काय काचेचा आहे?"

"श्वास सोड. पोट घे आत. हं, लाव बटण."

मग टॉलिव्हर वळला. मागे बराच वेळ काहीच झालं नाही. त्याने मान वळवली नाही. वळवली असती तर त्या चेहऱ्यावरचं वाचावं लागलं असतं. मग दोन थंडगार हात कमरेशी आले.

"तो कसं धरायचा रे?" लिंडक्विस्टने विचारलं.

"अंगठे आत. आणि बडबड करायचा सतत."

"मला नाही जमणार बडबड."

"नको करूस."

दहा वाजता ओचोआ रांगेमागून हळूहळू चालत आला. रांगेतल्या दुसऱ्याच दोघांना त्याने तोवर वगळलं होतं. टॉलिव्हरमागे तो थांबला. कोट वर करून त्याने शर्टाची घडी पाहिली, कोट खाली ओढला.

"डावीकडून, पहिला," तो म्हणाला. "डोक्याच्या बाजूला. तिथे वजन जास्त असतं."

"हो, सार्जंट," टॉलिव्हर म्हणाला, आणि जागेवर जाऊन उभा राहिला.