सुई मोडलेले जिवाणू

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे मुंगी म्हणायचे. अक्षर बारीक, चाल लगबगीची, आणि एकदा काम हाती घेतलं की तडीस नेल्याशिवाय सोडणार नाही. ती माझ्या हाताखाली आली तेव्हा माझ्या शोधनिबंधाचा नुकताच बोलबाला झाला होता.

काही रोगजंतूंच्या अंगावर सूक्ष्म सुया असतात. पेशीला चिकटायचं, सुई खुपसायची आणि विष थेट आत सोडायचं, ही त्यांची रीत. आम्ही विष काढून टाकलं, सुई तशीच ठेवली आणि विषाच्या जागी औषधी प्रथिन भरलं. प्रथिनाला हिरवी चमक जोडलेली. ते पेशीत उतरलं की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हिरवी दिसणार. माझ्या शंभरातल्या साठ दिसल्या.

पडताळणीसाठी सुई मोडलेले जिवाणूही वापरतात. त्यांना टोचताच येत नाही, म्हणजे त्यांच्यासोबत ठेवलेल्या पेशींची प्लेट काळीच दिसायला हवी. पहिल्यांदा ती काळी होती. पुढच्या दोन्ही वेळा मात्र तीही हिरवी दिसली. प्लेटांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना निकाल दाखवायचा होता. त्या दोन प्लेटा मी कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकल्या आणि वहीत पहिलीच तेवढी नोंदवली.

मुंगीनं तोच प्रयोग आठ महिने केला. तिच्या पेशी दोन-चारांपलीकडे काही उजळेनात.

"ताई, माझ्या हाताला गुणच नाही," ती म्हणायची.

"सवयीनं येईल गं," मी म्हणायचे. हे म्हणताना तिच्याकडे बघायचं मी टाळत असे.

एका बैठकीत मॅडमनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "हिच्या हातून होतं, मग तुझ्याच हातून का नाही?" मुंगीची मान खाली. मी एक शब्द बोलले असते तर तिथंच निकाल लागला असता. मी वहीच्या कोऱ्या पानावर तारीख लिहीत बसले. आधीच लिहिलेली तारीख पुन्हा गिरवली.

पुढच्या आठवड्यात तिनं काम सोडलं. सामान न्यायला तिचे वडील आले. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. खोकं उचलताना म्हणाले, "बारीक स्क्रू चिमट्यानं हीच उचलून द्यायची मला. कधी हात थरथरला नाही पोरीचा. इथंच काय झालं कळत नाही." मग हात जोडले. "पण तुम्ही तिला सांभाळून घेतलंत. घरी रोज तुमचं नाव निघतं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तरी मी "छे, छे, त्यात काय," असंच म्हणाले.

वह्या नियमानं प्रयोगशाळेतच राहतात. तिची वही मी त्या दुपारी उघडली. प्रत्येक पानावर एक ओळ होती: पेशी सहा वेळा धुतल्या. पहिली खेप सोडली तर मी दोनदाच धूत असे, तेही घाईत.

दुसऱ्या सकाळी दार लावून मी दोन्ही तऱ्हेनं प्रयोग केला. दोनदा धुतल्यावर सुई असलेली आणि सुई मोडलेली, दोन्ही प्लेटा हिरव्यागार. सहा वेळा धुतल्यावर मोडलेली पार काळी, आणि दुसरीत शंभरातल्या फक्त चार पेशी हिरव्या. माझं प्रथिन बहुतेक पेशींत उतरलंच नव्हतं, वरवर चिकटून बसलं होतं. मुंगीनं नीट धुतल्यामुळे ते निघून गेलं, आणि आम्ही तिला कच्ची ठरवलं.

सुई मोडलेल्या जिवाणूंची हिरवी प्लेट घेऊन मी मॅडमकडे गेले.

"तेव्हाही ही प्लेट हिरवी होती?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी कुणाला सांगण्याआधी तू तिला जाऊन सांग."

तिचं घर वडिलांच्या घड्याळाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मुंगीनं सगळं ऐकून घेतलं.

"आठ महिने मी माझ्या हातांना शिव्या घातल्या," ती म्हणाली. "बाबांना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, सबब काढतेय."

खाली दुकानात एक गिऱ्हाईक उभं होतं. ते जायची वाट बघावी, असा एक पळपुटा विचार मनात आलाच. पण मुंगी पायरीवर येऊन उभी राहिली होती. मी त्या परक्या माणसासमोरच बोलले. वडिलांनी डोळ्यावरचं भिंग उतरवलं.

"म्हणजे हिचं बरोबर होतं?"

"हिचंच बरोबर होतं. चूक माझी होती, आणि ती मी लपवली."

ते मुलीकडे वळून म्हणाले, "ऐकलंस ना गं?" आणि पुन्हा घड्याळावर वाकले. मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. गिऱ्हाइकानं तेवढं अंग चोरून मला वाट करून दिली.

लेख आम्ही मागे घेतला. त्या चार पेशी मात्र खऱ्या होत्या. त्यांच्यावर मुंगी आता दुसऱ्या प्रयोगशाळेत काम करते, आणि सध्या शंभरात अकरापर्यंत पोचली आहे, असं कानावर येतं. मी विद्यार्थ्यांना शिकवते. प्रयोगाच्या टेबलाशी जायला मला कुणी बंदी केलेली नाही. माझाच पाय उचलत नाही.