काठी टेकत पेपर वाचणारे काका

मित्रांनो, मी एक जुना रस्ता आहे. मोटारींचा नव्हे, पायी चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा सामाईक. उपनगरातल्या घरांच्या मागच्या कुंपणांना लागून मी स्टेशनापर्यंत जातो. खडी दाबून, वर डांबर ओतून मला तयार केले आणि मधोमध पांढरा पट्टा ओढला, एका बाजूने चालणारे, दुसऱ्या बाजूने सायकली. पहिल्या दिवशी माझे फार कौतुक झाले. दुसऱ्या दिवसापासून पट्टा कोण ओलांडतो यावर जो तो डोळा ठेवून राहिला. अशा पाळतीच्या घरात वाढलेले मूल जसे होईल तसा मीही झालो, संशयी.

एके वर्षी माझ्यावर पांढऱ्या काठीची टकटक सुरू झाली. छापखान्यातून निवृत्त झालेले ते एक काका होते. काठी पाहून लोक बाजूला होत, सायकली हळू होत. पण वळणावरच्या बाकावर बसले की काका काठी काखेत धरून खुशाल वर्तमानपत्र वाचत.

"सोंग आहे हो सगळं," एक म्हातारे मास्तर म्हणाले. "वाट मोकळी मिळावी म्हणून. परवा तर बारीक जाहिराती वाचत होते."

बेकरीत कामाला जाणारी ताई सायकल थांबवून ऐकत होती. काकांपायी तिला रोज ब्रेक दाबावा लागे आणि उशिरा पोचल्याबद्दल बोलणी खावी लागत.

"उद्या कळेलच," ती म्हणाली.

मलाही वाटले, बरे झाले, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.

सकाळी ती बाजूच्या गल्लीतून आली. घंटी वाजवली नाही. दिसत असेल तर काका आपसूक थांबतील, असा तिचा हिशेब. काका थांबले नाहीत. त्यांनी आणखी एक पाऊल टाकले आणि सायकलसकट दोघेही माझ्यावर कोसळले. काकांचे मनगट मोडले.

"काका, तुम्हाला पेपर तर वाचता येतो," ताई रडवेली होऊन म्हणाली.

"येतो ना. नळीतून बघावं तसं दिसतं मला. समोरचं अक्षर स्वच्छ, कडेचं काहीच नाही. तू कुठून आलीस गं?"



संध्याकाळी ती काकांच्या मागच्या फाटकाशी उभी राहिली. काकूंनी कडी काढली.

"घंटी मी मुद्दाम वाजवली नाही," ताई म्हणाली. "त्यांची परीक्षा घेत होते."

काकूंनी कडी हातातच धरून ठेवली. मग म्हणाल्या, "आत ये. पण तुझ्याशी नीट बोलायला मला वेळ लागेल."

मित्रांनो, माझ्यातले खड्डे डांबराने बुजतात, म्हणून त्यांची फार काळजी करू नका. माझ्यावरून चालणाऱ्याला जपा. ज्याचे दुखणे तुम्हाला दिसत नाही, त्याला तर आधी जपा. कारण प्लॅस्टर निघाल्यावर काका परत आले ते वेगळेच. पूर्वी ते बिनघोर पाऊल टाकत. आता प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबतात, मान पुरती वळवून दोन्हीकडे पाहतात, आणि तरी पाय उचलत नाहीत.

ताई त्यांना पाहून सायकलवरून उतरते.

"काका, मी थांबलेय. या तुम्ही."

"नक्की थांबलीस?"

"नक्की."

काका तरी उभेच राहतात. शेवटी ती सायकल हळूच माझ्यावर आडवी ठेवते. लोखंड डांबराला टेकल्याचा आवाज येतो. मगच ते पुढे येतात.