चेंबरचे अठरा बोल्ट

बोईसरच्या नव्या ट्रकचा रंग पोपटी.

वाळत टांगलेल्या बोंबलांच्या सावलीत एक कुत्रं झोपलेलं.

बूच ही एका झाडाची साल असते.

सातपाटीपासून पालघरपर्यंत रस्त्याच्या मधोमध काळ्या ठिपक्यांची रेघ.

हंसाचा आंगठा, ग्रीसमध्ये बुडालेला.

*

रेघ महादूच्या ट्रकची. लष्करानं मोडीत काढलेला हा ट्रक रोज सकाळी सातपाटीच्या कोळणींना, त्यांच्या पापलेटच्या पाट्यांसकट, पालघर स्टेशनात आगगाडी गाठून द्यायचा. इंजिनाच्या पोटाखाली ऑइलची परात असते. तिला चेंबर म्हणतात. परात आणि पोट यांच्या मध्ये बसतं ते पॅकिंग. ते गेलं होतं.

पहिल्यांदा महादूनं ती फट होडीसारखी बुजवली. कापूस, राळ, वर डांबर. पंधरा वर्षं होडीवर काढलेला माणूस दुसरं काय करणार? शिरगावपर्यंत इंजिन तापलं, राळ वितळली, ऑइल रस्त्यावर. बायका पाट्या डोक्यावर घेऊन चालत सुटल्या. आगगाडी चुकली.

दुसऱ्यांदा बुचाचं पॅकिंग आणलं आणि पान्यावर पाय देऊन आवळलं. जितकं घट्ट तितकं पक्कं, हेही होडीचंच. बूच चेंगरून जिभेसारखं बाहेर आलं. आगगाडी पुन्हा चुकली.

मग कोळणींची म्होरकी चंद्रकांता दारात आली. बसली नाही. तारापूरच्या अणुभट्टीचं बांधकाम निघाल्यापासून बोईसरात ट्रकच ट्रक झाले होते, आणि त्यातला तो पोपटी सातपाटीला यायला तयार होता.

"मंगळवारी आमी तुझ्याबरोबर येतो, महादू," ती म्हणाली. "त्या दिवशी गाडी चुकली तर बुधवारपासून तू बोंबील वाळव."

*

सोमवार, ऑक्टोबर १९६६. ट्रकची पुढची चाकं होडी ओढायच्या ओंडक्यांवर, मागच्यांना दगड. महादू खाली उताणा. त्याची बायको हंसा पाने देतेय.

मुंबईहून आलेलं बुचाचं पॅकिंग दुकानात वर्षानुवर्षं टांगून सुकलेलं होतं. चेंबरच्या काठावर ठेवलं तर बोटभर आखूड. एका टोकाचं भोक जुळवलं की दुसऱ्या टोकाचं सरकायचं. दुसरं पॅकिंग नव्हतं, दुसरा दिवस नव्हता. महादूनं दोन्ही हातांनी ते ताणायला घेतलं.

हंसानं त्याचं मनगट धरलं.

"होडी उतरवायच्या आधी, फट पडलेल्या फळ्या तुमी ओढून लांब करता?"



"पानी पाजतो," तो म्हणाला.

"मग याला काय तहान नाय?"

तो चिडला. होडीच्या युक्त्यांनी दोनदा बुडवलंय, तिसऱ्यांदा नको, असं त्यानं सुनावलं. हंसानं उत्तर दिलं की बुडवलं त्याच्या हातांनी, होडीनं नाही. मग तिनं मासळीच्या मोठ्या पातेल्यात कोमट पाणी ओतलं, पॅकिंग सोडलं, वर ओलं गोणपाट टाकलं आणि सांगितलं की भरतीचं पाणी पहिल्या होडीला लागेस्तोवर हात लावायचा नाही.

महादूनं चेंबरचा काठ खरवडला. जुनं बूच, जुनं डांबर. पुसला. परत खरवडला. येणाराजाणारा विचारी, ट्रकला पेज पाजतोस काय रे?

पाणी होडीला लागलं.

हंसानं पॅकिंग उचललं, फडक्यानं टिपलं, काठावर ठेवलं. अठराच्या अठरा भोकांतून खालची वाळू दिसली.

*

आंगठ्यानं ग्रीस.
चेंबर वर.
मधला बोल्ट. समोरच्या बाजूचा मधला.
त्याच्या शेजारचा. त्याच्या समोरचा.
पाय नाही, मनगट.
परत पहिल्यापासून, अर्धा अर्धा आटा.

"पुरे," हंसा म्हणाली.

"अजून जरासा..."

"पुरे म्हटलं ना."

त्यानं पाना खाली ठेवला.

*

मंगळवार. शिरगाव आलं तेव्हा पाठीमागं कोणीच बोलत नव्हतं. शिरगाव गेलं. मग जमना कोळणीनं पोपटी ट्रकच्या मालकाच्या सात पिढ्या काढायला सुरुवात केली आणि सगळ्या हसत, एकेक पिढी वाटून घेत, पालघरला पोचल्या.

सिग्नल अजून पडला नव्हता. चहा प्यायला वेळ होता.

चंद्रकांतानं चहा घेतला नाही. तिनं महादूला इंजिन चालूच ठेवायला सांगितलं, कमरेचा नवा, पांढराशुभ्र रुमाल काढला, वाकून इंजिनाखाली पसरला आणि शेजारी उकिडवी बसली. बायका चहाचे पेले घेऊन भोवती उभ्या. महादूचे हात स्टिअरिंगच्या चाकावर. हंसा रुमालाकडं बघत नव्हती. ती महादूकडं बघत होती.

लांबून शिट्टी ऐकू आली. चंद्रकांतानं रुमाल ओढला. एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली, आणि तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. कोराच.

"बुधवारी ये," ती म्हणाली. "रोज ये. नि माझी पुढची जागा आजपासून हंसाची."

महादूनं हॉर्न दाबला तो स्टेशनमास्तर बाहेर येईपर्यंत सोडला नाही. पाट्या आगगाडीत चढल्या, सगळ्या, बर्फ न वितळता. हंसा पुढं चढून बसली, दार लावलं आणि म्हणाली, चला.

*

ट्रक विकत घेतला त्या दिवशी महादूला गाडी चालवता येत नव्हती. मनोरहून ती चार बैल जुंपून आणली.