झेंडूच्या जुड्या

गोजराबाईंना पसारा म्हणून खपत नसे, आणि आता तर थेट कोर्टाचं माणूस मळ्यात यायचं होतं. रस्त्याच्या ठेकेदाराचं पोकलेन त्यांच्या भर बहरातल्या झेंडूतून न विचारता आरपार गेलं होतं. नुकसान किती झालं ते पाहून लिहायला कोर्टानं साधना वकिलांना कमिशनर नेमलं. मग काय, गोजराबाईंनी दोन दिवस खपून मोडलेलं झाड न् झाड उपटलं, खड्डे बुजवले आणि वरून जमीन झाडून काढली.

त्यांची सून ललिता नांदगावला माहेरी गेली होती. ती सकाळी परतली तर वावर बोडकं आणि चकाचक. तिनं कपाळाला हात लावला. पुरावाच गेल्यावर भरपाई कसली, आणि भरपाई नाही तर पुढची रोपं कशाच्या जोरावर आणायची? सासूबाई उलट तिच्यावरच उखडल्या. पाहुण्यांना काय उकिरडा दाखवायचा का, म्हणाल्या.

थोड्या वेळानं साधनाताईंबरोबर आलेला ठेकेदाराचा मुकादम धनराज मात्र वावर पाहून खूश झाला. इथं फार तर शंभर झाडं असतील, असं तो साधनाताईंना पुन्हा पुन्हा सांगू लागला. साधनाताईंचं पेन थांबलं.

"शंभर?" गोजराबाई म्हणाल्या. "चला बांधावर."

बांधापलीकडे बाभळीखाली वाळलेली झाडं रचून ठेवली होती. दहा-दहाची जुडी, प्रत्येकीला सुतळी. तीस वर्षं मेथी-कोथिंबीर बाजारात नेलेल्या बाईला फेकायची वस्तूसुद्धा मोकळी टाकवली नव्हती. हसावं की सासूच्या पाया पडावं, ललिताला कळेना. साधनाताईंनी जुड्या मोजायला धनराजलाच लावलं. बिचारा घामाघूम होऊन सत्तरवर थांबला.

"अडुसष्ट लिव्हा," गोजराबाईंनी दोन जुड्या बाजूला काढल्या. "ही वीस झाडं आधीच आळीनं खाल्ली व्हती. त्याचं पाप यांच्या डोक्यावर कशाला?"

ललितानं कोपरानं ढोसलं, पण उशीर झाला होता. साधनाताईंनी ते बोलणं जसंच्या तसं पंचनाम्यात उतरवलं आणि कागद धनराजपुढे धरला. एका झाडाला फुलं किती, भाव काय धरायचा, यावर भांडायची सगळी तयारी करून तो आला होता. त्यानं बाजूला ठेवलेल्या दोन जुड्यांकडे पाहिलं.

"बाकीचं बाई सांगतील तसं लिहा," तो म्हणाला आणि त्यानं सही केली.