आचलच्या नावापुढची कोरी जागा

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. परतवाड्याजवळच्या एका शाळेत माझी वीस वर्षं गेली. माझी सुई कधी खोटं सांगत नाही. याचा मला फार अभिमान होता.

चौऱ्याहत्तर.

आरोग्य तपासणीचा दिवस. नववीतली आचल चप्पल काढून माझ्यावर चढली. सुई माधवी मॅडम वाचायच्या. वही व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, आकडे लिहून घेणाऱ्या वर्गातल्या प्रणालीजवळ. म्हणून मॅडम नेहमीसारख्याच ओरडल्या, "आचल, चौऱ्याहत्तर."

रांगेतून अंकुर म्हणाला, "पाऊण क्विंटल झाली ना बे. मार्केटात नेऊन टाका इले."

सगळे हसले. मॅडमही थोड्या हसल्या. "चूप बसा रे. पुढचा कोण?"

त्या दिवसापासून आचलला कोणी आचल म्हटलं नाही. क्विंटल म्हटलं.

एकसष्ट.

सहा महिन्यांनी ती पुन्हा चढली. पाय गार होते, थरथरत होते. मधल्या सुट्टीत ती माझ्यामागे बसून डब्यातली भाकर कुत्र्याला घालायची. मी रोज पाहत होतो.

मॅडम खूश झाल्या. "बघा, आचलनं किती कमी केलं. टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजल्या. मला तोंड नाही, मित्रांनो. मला फक्त आकडा आहे.

आकडा नाही.

महिन्याभरात आचल प्रार्थनेच्या रांगेत कोसळली. तिला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. काही दिवसांनी तिची आई, जमुनाबाई, शाळेत आली. "मॅडम, पोरगी जेवून नाई राहिली. घास पायला की रडते. तिले इथं कोन काय म्हनलं?"

दारासमोरच्या बाकावर अंकुर दप्तरात काहीतरी शोधू लागला.

पुढच्या आरोग्याच्या तासाला मॅडमनी फळ्यावर लिहिलं: चिडवणारा. हसणारे. गप्प राहणारे. मग थांबून खाली लिहिलं: आकडा ओरडणारी.

अंकुर उठला. "मॅडम, म्या त मजाक केली होती."

"मीही फक्त आकडाच वाचला होता, अंकुर."

आता मी पडद्यामागे असतो. ज्याचा आकडा त्याच्याच कानात सांगतात, आणि प्रणालीला चिठ्ठीवर लिहून देतात. आचल अजून शाळेत आलेली नाही; वहीत तिच्या नावापुढे जागा कोरी आहे. प्रणाली तिथं येऊन थांबते, मग खालची ओळ लिहिते.

आचल परत आली आणि माझ्यावर चढली, तर मित्रांनो, तुम्ही सगळे माझ्या आकड्यावरून नजर वळवा. मला ती वळवता येत नाही.