वाकड्या गल्ल्यांचं गाव

"गाठ सैल बांध, माय. पाय सुजलाय त्यांचा."

"सैल बांधली की सुटते. काल सुटलीच व्हती." सरजाबाईनं जुन्या लुगड्याची पट्टी नवऱ्याच्या घोट्याभोवती गुंडाळली, दुसरं टोक लोखंडी पलंगाच्या पायाला बांधलं आणि गाठीवर आणखी एक गाठ मारली. ईश्वरप्पा पाय पुढे करून निमूट बसला होता, चपलेचं माप देत असल्यासारखा.

तनुजाला ते बघवेना. ती ऑफिसातून नुकतीच आली होती, पर्स अजून खांद्यालाच होती. पण आईला बोलणार तरी काय? दिवेलागण झाली की म्हातारा उठायचा, टोपी घालायचा आणि "गावाकडं जाऊन येतो, लोक वाट बघून राहिले" म्हणून चालू लागायचा. एकदा वजिराबादच्या बाजारात एका ऑटोवाल्याशी वाद घालताना सापडला. दुसऱ्यांदा मोटारसायकलचा धक्का लागून रस्त्याच्या कडेला पडलेला. घरमालक हणमंतराव तसा वाईट माणूस नव्हता, पण त्यानंही हात जोडले होते. "ताई, त्यांना आवरा. उद्या कमीजास्त झालं तर पोलीस माझ्या दारात उभे राहतील. पुन्हा असं झालं, तर तुम्ही दुसरी खोली बघा." नांदेडात अशा म्हाताऱ्यासकट खोली कोण देणार होतं?

आणि ज्या गावाला जायचं, ते गाव तरी कुठं होतं? किल्लारीच्या पलीकडचं ते गाव त्र्याण्णवच्या भूकंपात एका पहाटेत जमीनदोस्त झालं. तनुजाची दोन भावंडं, वैजनाथ आणि सिंधू, त्यात गेली. ती स्वतः नंतरची, पत्र्याच्या शेडात जन्मलेली. तिनं पाहिलं ते पुनर्वसनाचं गाव. पट्टी धरून आखल्यासारख्या रांगा आणि घरांवर नंबर. भावंडांचा एक फोटोसुद्धा उरला नव्हता आणि त्यांची नावं घरात कुणी घेत नसे. तिला ती शेजारपाजारच्यांकडून कळली होती.

तनुजा एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात बसायची. दिवसभर पुण्याला जाणाऱ्यांची तिकिटं काढायची, लोकांची बोलणी खायची. ऑफिसनं जुना कॉम्प्युटर काढून टाकला, तो तिनं मागून घरी आणला होता, आणि त्यावर एकच नाद केला होता. शहर बांधायच्या खेळाचा. पडद्यावर मोकळं माळरान असतं. रस्ता ओढला की दोन्ही बाजूंनी घरं उगवतात. पाण्याची टाकी ठेवली की घरोघरी पाणी. मग कुठून कुठून इवलीइवली माणसं बोचकी घेऊन येतात आणि तिथलीच होऊन जातात. तनुजाला या खेळाचं फार अप्रूप होतं. जन्मभर दुसऱ्यांनी आखलेल्या रांगेत राहिलेल्या बाईला एवढ्या मोठ्या माळावर आपला शब्द चालतो, याचं सुख बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. शिवाय चुकलं तर पाडून पुन्हा बांधता येतं. तशी सोय बाकी कुठं आहे?

त्या संध्याकाळी बापाकडे पाठ करता यावी म्हणूनच ती खेळायला बसली. तर मागून आवाज आला.

"काय बांधून राहिली?"

"गाव, अप्पा."

"असलं असतंय का गाव? ही पुनर्वसनाची लाइन हाय. गल्ली वाकडी काढ."

तनुजानं वळून पाहिलं. म्हातारा पट्टी ताणेल तितका पुढे सरकला होता आणि पडद्याकडे एकटक बघत होता. कित्येक महिन्यांत त्याची नजर कशावर ठरलेली तिनं पाहिली नव्हती. तिनं उठून गाठ सोडली, त्याला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः स्टूल ओढलं. "सांगा अप्पा, कशी काढू?"

"वेशीतून आत आलं की मारुतीला वळसा. मंग गुरम्माच्या घरापाशी गल्ली बारीक व्हती. गाडी घासून जायाची तिथं."

ते काही सोपं काम नव्हतं. खेळाला सरळ रस्त्यांचीच आवड. वाकडा ओढला की तो आपोआप सरळ व्हायचा. ती सवय कशी मोडायची हे शोधण्यात तिचे दोन रविवार गेले. घरंही परदेशी, उतरत्या छपरांची; मातीच्या सपाट छताचं एकही नाही. "माळवद न्हाई?" म्हणून म्हाताऱ्यानं नाक मुरडलं, पण चालवून घेतलं. दार कुठल्या बाजूला, यात मात्र तडजोड नाही. "पाड. साखराबाईचं दार पूर्वेला हाय." पाडायचं चित्र पिवळ्या यंत्राचं होतं. तेवढं एक बटण तो स्वतः शिकला. माऊसवर त्याचा हात दगडावर ठेवावा तसा जड पडायचा, पण नेम चुकायचा नाही.

तेव्हापासून दिवेलागणीला टोपी खुंटीवर राहू लागली. म्हातारा खुर्चीत बसायचा, गाव एकेक घरानं वाढायचं आणि तो आपणहून भूक लागली म्हणून जेवण मागायचा. लुगड्याची पट्टी सरजाबाईनं खुंटीला अडकवून ठेवली, पण टाकून काही दिली नाही. ती पडद्याकडे चुकूनही बघत नसे. पाठ करून ज्वारी निवडत बसायची.

एका रविवारी अप्पाचा डोळा लागलेला बघून तनुजानं तिला विचारलं, "माय, अप्पा गवंडी होते ना? मग मी त्यांना जन्मभर शाळेचा रखवालदार म्हणूनच का बघितलं?"

सरजाबाईचा हात सुपात थांबला.

"आर्ध्या गावाची घरं ह्यांनीच बांधली. दोन हात रुंद भिंत, वर माळवद. भूकंपाच्या आदी वरीसभर बारकेबारके हादरे येऊन राहिले व्हते. लोक भेले. वावरात झोपाया लागले. मंग एकेकजण ह्यांच्याकडं येऊन इचारायचे, आप्पा, भिंत टिकंल का? हे म्हणायचे, माझी भिंत हाय. निवांत झोपा घरात."

"मग?"

"मंग झोपले."

आईचं आता थांबत नव्हतं. "त्या राती गणपती बुडवून आले समदे. लेकरं नाचून दमलेली. आम्ही दोघं ओसरीत पडलो. लेकरांस्नी बी तिथंच घेतलं असतं. पर सिंधूला गारवा सोसत नव्हता, लगेच खोकला व्हायचा. मीच म्हणलं, आत उबीला झोपा." एवढं बोलून तिनं सूप उचललं आणि आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी म्हाताऱ्यानं स्वतःचं घर बांधून घेतलं. वेशीपासून तिसरं, दाराशी लिंबाचं झाड. घराबाहेर दोन इवली माणसं हिंडताना दिसली, तर त्यानं काचेवर बोट टेकवलं. "ही दोगं आपलीच." खेळात माणसांना नावं देता येतात. तनुजानं आईच्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि टाइप केलं. वैजनाथ. सिंधू. बापानं ती दोन नावं मोठ्यानं वाचली. पाठमोऱ्या सरजाबाईच्या हातातले दाणे जमिनीवर सांडले. ते तिनं एकेक करून वेचले, पण मान वळवली नाही.

गणपती बसले, तसा म्हातारा बिथरायला लागला. गल्लीत ढोल वाजला की दचकायचा. अनंत चतुर्दशीला सकाळीच त्यानं तनुजाचा हात धरला. "आज जाऊ नगंस. आज लोकांस्नी सांगाया पायजे." पण खासगी ऑफिसला कसली सुट्टी? सणाला गावी आलेल्यांची परतायची गर्दी. ती गेली.

संध्याकाळी निघाली, तर रस्ते मिरवणुकांनी अडलेले. ऑटो मिळेना. घरी फोन लावला, आईनं उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला तिच्या डोळ्यांसमोर म्हातारा या गर्दीत टोपी सांभाळत, गाव विचारत हिंडताना यायचा. शेवटचा रस्ता ती जवळजवळ धावतच आली. पाहते तर दार सताड उघडं. पलंगाखाली लुगड्याची पट्टी सुटून पडलेली.

पण म्हातारा घरातच होता. खुर्चीत, पडद्यासमोर, घामानं भिजलेला, माऊस मुठीत. आणि त्याच्या मागं, खुर्चीच्या पाठीला धरून सरजाबाई उभी होती. पडद्याकडे बघत.

"ढोल वाजले तवा बांधलं व्हतं. म्याच सोडली गाठ," ती म्हणाली. "लई रडायले व्हते. दारातून रस्त्यावर पळाले, म्या हाताला धरून माघारी आणलं आन् इथं बसवलं. तवाधरनं ह्येच करून राहिले."

तनुजानं पडद्याकडे पाहिलं. एवढ्या आठवड्यांत बांधलेलं गाव नव्हतं. साखराबाईचं पूर्वेच्या दाराचं घर नव्हतं, गुरम्माचं नव्हतं, एकही भिंत शिल्लक नव्हती. नुसत्या वाकड्या गल्ल्या उरल्या होत्या आणि मधे मारुतीचं देऊळ. घरं गेलेली माणसं गावाबाहेरच्या हिरव्या मोकळ्या जागेत येऊन उभी होती.

"अप्पा, हे काय केलं?"

"आत व्हते समदे," ईश्वरप्पा म्हणाला. त्याचा आवाज कधी नव्हे इतका साधा होता. "सांगून ऐकत नव्हते. माझ्यावर इस्वास ना त्यांचा. मंग भिंतीच पाडल्या. आता झोपतील वावरात."

"आपलं घर?" हे सरजाबाईनं विचारलं.

"सगळ्यात आदी."

बाहेर मिरवणूक दारावरून चालली होती. ईश्वरप्पानं माऊस सोडला, बोटं एकदा उघडझाप केली आणि उठून पलंगावर आडवा झाला. सवयीनं त्यानं बांधायला पाय पुढे केला. सरजाबाईनं खाली पडलेल्या पट्टीकडे पाहिलंही नाही. ती हळूच रिकाम्या खुर्चीत बसली, डोळे बारीक करून पडद्यावर कुणाला तरी शोधू लागली.

"ह्यात आपली कोणती, तने?"

तनुजानं वावराच्या कडेला दोन नावांवर बोट ठेवलं. दोघं एकमेकांशेजारी उभी होती. पुढं काय होणार ते तिला ठाऊक होतं. या खेळात घर नसलेली माणसं थोडा वेळ थांबतात, मग एकेक करून कडेच्या रस्त्यानं निघून जातात आणि पडद्याबाहेर गेली की पुन्हा येत नाहीत. एक बाई बोचकं घेऊन निघालीही होती.

तनुजानं वाकून वेळ थांबवायचं बटण दाबलं. निघालेली बाई होती तिथंच उभी राहिली. सगळं गाव वावरात जागच्या जागी थांबलं.

"गारवा असंल गं तिथं," सरजाबाई म्हणाली, आणि पदराचं टोक हातात घेऊन तिनं त्या दोघांवरची काच हळूच झाकली.